व्हय सर

"आता हिचंच उदाहरण घ्या," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

कोरगावच्या त्या ध्यानकेंद्रात मी नोंदणीच्या टेबलावर कामाला होते. सर गावच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरातले, निवृत्त इंजिनियर. दर रविवारी बुद्धाने सांगितलेल्या पुनर्जन्मावर बोलत. समोर शिकलेली, नोकरदार माणसं.

"वडील काय करतात गं तुझे?"

"सुपं विणतात. रोवळ्या."

"बघा. कुणी बांबू सोलायला जन्मतो, कुणी इथे बसायला. मागचं कर्म कुणाला चुकलंय? पटतं ना तुला?"

"व्हय सर," मी म्हटलं. वर मी हसलेही.

दारात बाबा उभे होते. केंद्रानेच मागवलेल्या बांबूच्या टोपल्या घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

मी बी.एस्सी. झालेली. प्राणिशास्त्र. आमच्या घरात आजोबांनी धम्म घेतला. गेल्या वर्षी आई वारली, तेव्हा विहारातल्या भंतेंनी बाबांना सांगितलं, की दिव्यावरून दिवा पेटतो तसा एका जन्मातून पुढचा जन्म होतो. बाबांनी ते धरून ठेवलं. एकदा विणता विणता म्हणाले, "तुजी आवय खंयतरी जल्माक इली आसतली."

मी चुलत भावंडांसमोर हसले. "पुरावो दाखय, बाबा. मेलेलं माणूस मेलं." त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर आईचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. अंगणात उतरले आणि म्हणाले, "चेडवा, त्याका इचारलंस पुरावो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं विज्ञान घरात वाघ, बाहेर शेळी. बाबांच्या मनातल्या पुनर्जन्माने कुणाचं काही बिघडत नव्हतं, एका माणसाचं दुःख तेवढं हलकं होत होतं. त्या समजुतीला मी सोललं. ज्या पुनर्जन्माने माझ्या बापाला भरसभेत खाली बसवलं, त्याला मी मान डोलावली. लाज वाटली. स्वतःची, इतकी की दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी मी टेबल सोडून सभेत उभी राहिले.

"सर, मागच्या जन्मी माझ्या बाबांनी काय केलं, ते तुम्ही कुठे पाहिलंत?"

"हा श्रद्धेचा विषय आहे. बस खाली."

"बसणार नाही. त्यांना शाळेत दाराबाहेर बसवलं, म्हणून चौथीत त्यांची शाळा सुटली. ते ह्याच जन्मात झालं, सर. तुमच्याच गावात."

दुपारी मला कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं.

बाबांना मी खरं ते सांगितलं, की आई परत येईल असं मला अजूनही वाटत नाही. आणि तेव्हा मी हसले, ते चुकलं. बाबा विणत राहिले. त्यांनी माफ केलं की नाही, मला माहीत नाही.

आता आम्ही खाली का, याचं उत्तर कुणी मागच्या जन्मात शोधायला लागला तर त्याला मी तिथेच अडवणार. ज्यांनी आम्हाला खाली ठेवलं ती माणसं अजून जिवंत आहेत. त्यांची नावं गावाला ठाऊक आहेत. मी ती मोठ्याने घेणार.