मिस्त्रीचा कान

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. पोराला नाही, मेव्हण्याला नाही. देवापुढंही नाही — देवापुढं उभा राहून मी दुसरंच काहीतरी मागत आलो. माझी शाळा चौथीपर्यंत. हात पान्याचा आहे, पेनाचा नाही. वाकडंतिकडं होईल, चालवून घ्या.

बेंगळुरात, आमच्या राजाजीनगरात लोक माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. बायको गेली आणि मिस्त्रीअण्णानं गॅरेजला कुलूप घातलं. एवढा जीव होता म्हणे बायकोवर. इस्त्रीवाला सांगतो, समोरची अक्का तिच्या सुनेला सांगते — माणूस असावा तर असा. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं दुःख. दुःख आहेच, कोण नाही म्हणतं? पण गॅरेज मी दुःखानं बंद केलं नाही. मला ऐकू येत नाही म्हणून बंद केलं.

तुम्ही म्हणाल, म्हातारा बहिरा झाला, त्यात कबूल काय करायचं? तेवढंच असतं तर वही उघडली नसती.

मी म्हातारपणी बहिरा झालो नाही. पन्नाशीच्या आतच उजवा कान गेला. डाव्यात जाड आवाज तेवढे येतात, बारीक काही नाही. आणि मी मिस्त्री. डिझेल इंजिनाचा मिस्त्री. शिवाजीनगरातले स्पेअरपार्टवाले गिऱ्हाइकाला सांगायचे — गाडीचं दुखणं सापडत नसेल तर त्या निपाणीवाल्या अण्णाकडं न्या, त्याच्यासारखा कान बेंगळुरात नाही. हे ऐकून मी हसायचो. कान नसलेला माणूस, आणि कानासाठी नावाजलेला. कसं जमलं असेल?

कमळा. माझी बायको. तिच्या बापाची गावात पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालायची. ती त्या आवाजात रांगली, त्या आवाजात झोपली. सहा-सात वर्षांची असताना आतल्या खोलीतून ओरडायची, बाबा, पट्टा घसरतोय — आणि बाप बघायला गेला की पट्टा घसरतच असायचा. लग्न होऊन बेंगळुरात आल्यावर वर्षाच्या आत मला म्हणाली, “अहो, त्या जीपचं तिसरं ठोकतंय.” मी खेकसलो. दोन दिवस झक मारली आणि इंजिन उघडलं. तिसराच सिलिंडर.

पुढं कान गेला तसा मी गाड्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावायला लागलो. ठरलं काहीच नव्हतं, खरंच सांगतो, आम्ही एक शब्द बोललो नाही. मी डिझेलचा पंप केसभर फिरवायचा, नट आवळायचे, रेस द्यायची. ती आत भाकरी थापत असायची. आवाज बरोबर आला की ती खिडकी लावून घ्यायची. नाही आला तर खिडकी उघडी. बघणाऱ्याला काय वाटणार? धूर घरात येतोय, बाई खिडकी लावतेय. एवढंच.

मी बहिरा आहे हे तिला ठाऊक होतं का? नसेल कसं? ती नेहमी माझ्या डाव्या अंगाला येऊन बोलायची. चारचौघांत असलो तर हातानं सांगायची. पण तो शब्द तिनं कधी काढला नाही. मी तर नाहीच नाही.

मग ही दारातली पिकप आली. भाजी वाहून वाहून मेलेली, भंगारात पडलेली. मला खाज होती — हीच गाडी चढावर नव्या गाड्यांच्या पुढं काढायची. वर्षभर झटलो. ब्लॉक बोअर करून मोठे पिस्टन बसवले, एका फुटलेल्या गाडीचा टर्बो आणला, सायलेन्सर जाड पाइपचा केला, मागचे पाटे बदलले, पुढं डिस्क ब्रेक टाकले. पंप वाढवला. हे सगळं हाताचं काम, ते माझंच, त्यात कुणाचा वाटा नाही. पण शेवटचं काम कानाचं. टायमिंग केसभर पुढं घेतलं की गाडी उडते. आणखी केसभर घेतलं की पिस्टनला भोक. त्या दोन केसांच्या मध्ये फक्त एक आवाज असतो, आणि तो मला ऐकू येत नव्हता. तीन आठवडे कमळा त्या खिडकीत उभी होती. डोळे धुरानं लाल. एके दुपारी तिनं खिडकी लावली, आणि परत उघडून माझ्याकडं बघून हसली. गाडी सुरात लागली होती.

नंदी डोंगराच्या चढावर त्या भंगारानं काय काय मागं टाकलं ते सांगत बसत नाही. गवगवा झाला. इंदिरानगरची पाच-सहा जणं आली, महागड्या गाड्यांची हौस असलेली, बरोबर कॅमेरा घेतलेली एक मुलगी. मी पिकपला टेकून बोलत होतो. माझा कान कसा लहानपणापासूनच तिखट, वगैरे. कमळा चहा घेऊन आली. मुलगी चांगल्या घरची असावी, तिनं सहज विचारलं, “अक्का, तुम्हालाही गाडीचं कळतं का?”

कमळानं ट्रे खाली ठेवला. पदराला हात पुसले. तिला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“स्वल्प स्वल्प. माझ्या वडिलांची गिरणी होती, तिथलं इंजिन —”

“तुझा बाप पीठ दळायचा, पिकप नव्हे!” मी म्हणालो. सगळे हसले. हसले म्हणून मी आणखी चढलो. “हिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत हो. दोन सांगितल्या तर चार करते. इंजिनाला कान लागतो. तो शिकून येत नाही, जन्मतःच असावा लागतो.”

“अण्णा, कानाचा विमा काढा!” एक पोरगा म्हणाला, आणि परत हशा.

कुकरची शिट्टी कुणाला ऐकू येत नव्हती? मला.

कमळानं ट्रे उचलला. “सरी, असू दे, चहा निवतोय, घ्या,” म्हणाली आणि सगळ्यांना दिला. मलाही दिला.

घाबरून बोललो का? घाबरलो तर होतोच. ती आणखी दोन वाक्यं बोलली असती तर सगळं उघडं पडलं असतं. पण नुसतं भ्यालो असतो तर विषय बदलला असता, चहा मागितला असता. मी तिचा बाप काढला. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

दुसऱ्या दिवशी एक जीप होती. मला वाटलं, आज ही खिडकीत यायची नाही. आली. उभी राहिली. बरोबर वेळेला खिडकी लावली. पुढं सहा वर्षं लावत राहिली. मात्र गिरणीचं नाव काढलं नाही. आधी भाकरी करताना, कपडे वाळत घालताना सारखं सांगायची — बाबा असं करायचे, इंजिन असं बोलायचं. ते थांबलं. थांबलंय हे माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं. असला नवरा मी.

आता खरं सांगतो. इथवर लिहिलं ते त्याच्यासाठीच.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा फार पुढं गेलेलं. शेवटी शेवटी आवाज पार बसला. एका दुपारी, इस्पितळात भेटायच्या वेळेत, तिचा भाऊ आला होता आणि आमच्या लाइनीतले दोन मिस्त्री. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे. कमळानं माझं मनगट धरलं आणि ओढलं. बोलायला लागली. एखादा शब्द नव्हे — बराच वेळ ओठ हलत होते, मध्ये थांबली, दम घेतला, परत बोलली. मला काही ऐकू आलं नाही.

काय करायचं होतं? वाकायचं. डावा कान तिच्या तोंडाशी न्यायचा. कमळा, ऐकू आलं नाही, परत सांग — एवढं म्हणायचं. पण मागं दोन मिस्त्री उभे. त्यांच्यासमोर मी कान लावून, काय, काय, करणार?

मी म्हणालो, “हो हो. करतो. तू काळजी करू नको.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या कानात काय शिरतं आणि काय शिरत नाही हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं. किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. मग मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडं केलं. परत काही बोलली नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

त्या दुपारी बाहेर आल्यावर मेव्हण्यानं विचारलं, “दाजी, अक्का काय म्हणाली?” मी एक क्षण थांबलो नाही. म्हणालो, पिकप विकू नका म्हणाली. तो भिंतीला टेकून रडला. मिस्त्र्यांनी डोळे टिपले. आता सगळ्यांना माहीत आहे — अक्काची शेवटची इच्छा. लोक पिकपला हात लावून जातात. मी बोट दाखवून सांगतो, हीच ती गाडी.

तिला काय हवं होतं? भावाला काही द्यायचं होतं? पोराला निरोप होता? मला शिव्या दिल्या असतील तर त्या मी हो हो म्हणून घेतल्या. मी काय करतो म्हणालो ते मला माहीत नाही, म्हणून केलंही नाही. चार-पाच वाक्यं असावीत. ओठांवरून तेवढंच कळलं. त्यातलं एकही माझ्यापाशी नाही.