खाडीतली कवळी

दुबईच्या खाडीत माझ्याच हसण्याने माझे दात बुडवले, तेव्हा मला गावात येऊन पुरता तासही झाला नव्हता.

आगबोट बाहेर समुद्रातच नांगरली होती. लाँचने किनाऱ्याला लागलो, तर न्यायला हुसेनभाई उभे. मूळचे दाभोळचे, इथे देऱ्याच्या बाजारात त्यांचे शिंप्याचे दुकान. संध्याकाळी दुकानामागच्या अंगणात माझे कथाकथन होते. दोन-दोन वर्षे घर न पाहिलेली पंचवीस-तीस कोकणी माणसे येणार होती.

देरा पलीकडच्या तीरावर. खाडीवर पूल अजून व्हायचा होता, म्हणून अब्र्यात (खाडी ओलांडायची लाकडी होडी) बसलो. पलीकडचा धक्का जवळ आला आणि मला दम निघेना. संध्याकाळचा राखीव विनोद मी तिथेच सांगून टाकला. हुसेनभाई हसण्याआधी मीच एवढ्या जोराने हसलो, की वरची कवळी उडाली आणि धक्क्यापासून चार हातांवर बुडाली.

"मास्तर, हसायचं काम आमचं होतं ना?" हुसेनभाई म्हणाले.

मी काहीतरी उत्तर दिले. ते मलाही कळले नाही. अशा तोंडाने संध्याकाळी कसल्या कथा सांगणार?

हुसेनभाईंनी मला बाजारभर फिरवले. दंतवैद्य मुंबईला गेलेले. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "नए नहीं लगाता, साहब. बाकी के निकाल दूँ?" सोनार सोन्याचे दात करून द्यायला एका पायावर तयार, पण आठ दिवसांनी. गाढवावरून पाणी विकणारासुद्धा थांबून माझ्या तोंडात डोकावून गेला.

शेवटी चहाच्या टपरीवर जाळे विणत बसलेला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा उठला. तरुणपणी तो गव्वास (मोत्यांसाठी बुडी मारणारा) होता. ओहोटी लागली होती. धक्क्यावर त्याने नाकाला चिमटा लावला आणि खाली गेला. वर आला, रिकामा. दुसऱ्यांदाही रिकामा. मी मनातल्या मनात कार्यक्रम रद्द केला. तिसऱ्यांदा आधी मूठ वर आली.

मोती पारखावा तशी त्याने कवळी उन्हात फिरवून पाहिली आणि काही बोलला.

"काय म्हणतात?" मी हातानेच विचारले.

"म्हणतात, दाणे मोठे आहेत, पण रंग पिवळा."

पैसे घेईना. अट एकच: ज्या विनोदापायी दात गेले, तो ऐकवायचा. टपरीवरच्या गरम पाण्यात विसळून मी कवळी बसवली आणि हातवारे करकरून विनोद सांगितला. हुसेनभाई वाक्यावाक्याला अरबीत सांगत होते. म्हातारा मयताला बसल्यासारखा ऐकत राहिला.

"खलास?" त्याने विचारले.

"खलास," मी म्हणालो.

तो काहीतरी पुटपुटला आणि अख्खी टपरी हसत सुटली.

"मास्तर, रागावू नका हां," हुसेनभाई डोळे पुसत म्हणाले. "विचारतात, एवढ्यासाठी मी तीनदा खाली गेलो?"

संध्याकाळी तो विनोद मी सांगितलाच नाही. हीच हकीकत सांगितली, म्हाताऱ्याच्या वाक्यापर्यंत. अंगण लोटपोट झाले. मराठीचा शब्द न कळणारा म्हातारा पुढेच बसला होता. मी नाकाला चिमटा लावला, तेव्हा सर्वांत आधी तोच हसला.

वीस वर्षे मी लोकांना हसवतोय, असे सांगत फिरत होतो. पण स्वतःच्या विनोदाला पहिला मीच हसायचो, त्यामुळे बाकीचे हसतात की नाही, हे कधी ऐकूच आले नव्हते.

परतताना त्याच अब्र्यात हुसेनभाईंनी दाभोळचा एक किस्सा सुरू केला. मी त्यांना थांबवले, कवळी काढून रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि आता सांगा म्हणून खूण केली.