गडग्यापलीकडची बाव

मी मुळातच फटकळ. त्यात त्या वर्षी केळींनी मला डोक्यावर चढवून ठेवलं होतं.

साठीच्या दशकातली गोष्ट. घरवाला मुंबईला गिरणीत, आणि मालवणजवळच्या आमच्या गावात बागेचं सगळं माझ्याकडे. पूर्वी केळींना शेण, राख आणि सुकी मासळी घालायचो. मग शेतकी खात्याकडून मिठासारखं पांढरं खत आलं. खात्याच्या साहेबांनी झाडामागे एक मूठ सांगितली. मी मनात म्हटलं, मुठीनं काय होतंय? शिवाय दमट हवेनं पोत्यात त्याचा दगड झालेला. तो फोडत कोण बसणार? विहिरीतून उपसलेलं पाणी ज्या दगडी दोणीत पडायचं, तिच्यातच मी अख्खं पोतं ठेवून दिलं. पाणी पोत्यावरून पाटात जायचं आणि खत आपलं आपण प्रत्येक केळीपर्यंत पोचायचं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. घड तर असे लागले की टेकू देताना बांबू पुरेनात.

दगड रचलेल्या गडग्यापलीकडे, उताराला, शेजारच्या काकींची बाव, म्हणजे त्यांची विहीर. त्यांना तेव्हा नुकताच नातू झालेला. बारशाला मी केळ्यांची मोठी फणी घेऊन मिरवत गेले होते. बाळंतिणीला ताप, अंगावर दूध नाही, म्हणून काकी डब्यातली पावडर पाण्यात कालवून पोराला पाजत. दीड महिन्याचं ते पोर एकाएकी मलूल पडलं. ओठ निळे, नखं निळी. कुणी म्हणालं दृष्ट लागली. मालवणच्या डॉक्टरांनी मात्र पाणी कुठलं ते विचारलं, पाण्यातूनच काहीतरी पोराच्या रक्तात जातंय म्हणाले आणि त्या बावीचं पाणी बंद करायला लावलं. पोर अजून धड रडतही नव्हतं. काकी गडग्याशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, की पाण्याला हल्ली वेगळीच चव लागते, तुझं खत तर उतरत नसेल ना?

झालं! मी जी सुटले ती सुटलेच. माझी केळी तुमच्या डोळ्यांत खुपतात, आधी स्वतःची बाव उपसा, काय वाट्टेल ते बोलले. वर साहेबांनाच बोलावून चारचौघांत तुम्हाला खोटं पाडते, असंही सुनावलं. वाडीला आमंत्रण मीच दिलं.

साहेब आले. दोण बघितली, तिच्यातलं पोतं चाचपून बघितलं. दोन्ही विहिरींचं पाणी त्यांनी बाटल्यांत भरून घेतलं, मधलं अंतर पावलांनी मोजलं. सत्तावीस पावलं. मग एक पुडी काढली. त्यातला रंग कुणाला अपाय करत नाही म्हणाले, गडग्यालगतच्या शेवटच्या केळीच्या आळ्यात टाकला आणि मला पाणी सोडायला सांगितलं. स्वतः घड्याळ बघत काकींच्या बावीवर जाऊन उभे राहिले. जांभा दगड आतून चाळणीसारखा असतो, असं ते जाता जाता म्हणाले. मला हसू आलं. जन्म गेला आमचा या कातळावर, पहार लागत नाही त्याला!

सगळ्यांचा एक चहा झाला. दुसऱ्याचं आधण ठेवलं, तोच साहेबांची हाक आली.

काकींनी कळशी वर ओढली होती. आतलं पाणी हिरवं. पोपटी हिरवं, उन्हात चमकणारं. वाडी गडग्याला टेकून बघत होती. आता काकी मला झोडपणार, असं वाटलं. झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

काकी कळशीत बघत राहिल्या, मग स्वतःच्या तळव्यांकडे.

"ह्याच पाणी मी तेका पाजलंय गो," त्या म्हणाल्या. "रोज. माझ्या हातान."

बाटल्यांतल्या पाण्याच्या तपासणीचा कागद महिन्याभरानं आला. साहेबांनी त्यावरचे आकडे वाचून दाखवले. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि कळायची गरजही उरली नव्हती. पोर वाचलं, देवाची कृपा. पोतं मी त्याच दिवशी उचलून टाकलं होतं, पण दोन पावसाळे जाईपर्यंत त्या बावीचं पाणी कुणी तोंडाला लावलं नाही. देवळाकडच्या विहिरीचं पाणी काकींच्या घरी मीच नेत असे.

पहिल्या दिवशी कळशी त्यांच्या ओटीवर ठेवली. काकींनी ओंजळभर पाणी घेतलं, आधी स्वतः पिऊन बघितलं, जरा वेळ थांबल्या, आणि मग पोराच्या दुधात घातलं. मी दारातच उभी होते.