अ‍ॅपचा पिन सासूबाईंकडे

मैत्रिणींनो, आज दुपारी माझा सराव पेपर पहिल्यांदाच वेळेत पूर्ण झाला. शंभरच्या शंभर प्रश्न सोडवले आणि वर आठ मिनिटं उरली.

मी संग्रामपूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुख्यसेविकेच्या परीक्षेची ही माझी शेवटची संधी, पुढे वय बसत नाही. पण अभ्यासाला बसलं की बोट आपोआप रील्सकडे जायचं. म्हणून मोबाईलमध्ये बाकीचं सगळं बंद ठेवणारं अ‍ॅप घेतलं. त्याचा पिन मलाच माहीत, त्यामुळे दहा मिनिटांत मीच ते उघडायचे. शेवटी परवा नवा पिन सासूबाईंना टाकायला लावला.

आज साठाव्या प्रश्नानंतर कंटाळले आणि मोबाईल घेऊन ओसरीवर गेले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तिथे तूर निवडत होत्या.

"आत्याबाई, दोन मिनिटं खोलून द्या न."

"काऊन? पेपर झाला काय तुहा?"

"चाळीस प्रश्न राह्यले."

"मंग मले नंबर आठवून नाही राह्यला." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

राग आला. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आत जाऊन पेपरच सोडवला.

झाल्यावर सांगितलं, तर त्यांनी लगेच हात पुढे केला. "आण, आता खोलून देतो."

"राहू द्या, आधी उत्तरं तपासतो," मी म्हटलं. ब्याऐंशी बरोबर आली.

अ‍ॅप चांगलंच आहे, पण मला समोर बसून अडवणारं माणूस जास्त कामी आलं. तुमच्या घरात तुम्हाला असं कोण अडवतं?