कापलेल्या नखांसारखी अक्षरं

माझ्या दुकानाची पाटी दिसली की अण्णा नाक मुरडून गटारात थुंकत. त्यांचं बरोबरच होतं. ती अक्षरं मी घडवली होती, आणि त्यांच्यापायी मी या माणसाशी जे वागलो, त्याची मला अजून शिसारी येते.

नव्वदच्या दशकात, पुण्याहून आल्यावर, बेंगळुरूच्या यशवंतपूरला माझं पाट्या करण्याचं आणि भांड्यांवर नावं कोरण्याचं दुकान होतं. येणारं शतक यंत्रांचं, म्हणून मी कॉम्प्युटरवर अक्षरांचं एक नवं वळण घडवलं. गोलाई कुठेच नाही. सगळे कोन, पत्रा कापून केल्यासारखे. कन्नड आणि देवनागरी, दोन्हींत. ब्युटी पार्लर, कोंबडीचं दुकान, इडलीचं हॉटेल, सगळ्यांवर तेच.

अण्णा मागच्या गल्लीत राहत. कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं.

"काय हो पुणेकर, अक्षरं आहेत की कापलेली नखं?"

"भविष्यातली आहेत, अण्णा."

"छी! मग स्वल्प लवकर मेलेलं बरं."

इडलीच्या हॉटेलात जाणं त्यांनी सोडलं. म्हणे, "पाटी बघितली की इडली घशाला टोचते." तुम्ही हसाल. मीही वरवर हसायचो आणि आतून जळायचो.

मग त्यांची बायको वारली. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना तिच्या नावाच्या स्टीलच्या वाट्या द्यायच्या होत्या. कोरण्याचं यंत्र आसपास माझ्याकडेच. अण्णा पिशवी घेऊन पायरी चढले.

"'सुलोचना' घाला. पण गोल अक्षरात. ती फार गोल लिहायची."

"मशीनला गोल येत नाही, अण्णा."

साफ खोटं. साधं वळण यंत्रात होतं. मला माझी अक्षरं त्यांच्या घरात घुसवायची होती.

वाटी हातात फिरवून त्यांनी पिशवी माझ्यापुढे ठेवली. "सरी, चालेल," एवढंच म्हणाले.

श्राद्धाला त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. वाट्या वाटल्या गेल्या. एका म्हाताऱ्या पाहुणीनं वाटी डोळ्यांजवळ नेली. "जड आहे हो. ही खूण कुठल्या कंपनीची?"

अण्णांनी नावावर बोट ठेवलं. "अक्का, ही आमची सुलोचना."

शेजारच्यालाही सांगावं लागलं. त्याच्या शेजारच्यालाही. वाकून, बोट ठेवून, अण्णा पंगतभर बायकोचं नाव वाचून दाखवत होते. माझ्या पानात खीर होती. मी मान खाली घालून ती संपवली.

पुढे ते लेकीकडे देवनहळ्ळीला गेले. तिथे जायचा धीर यायला मला काही वर्षं लागली. ते खाटेवर पडून होते, अंगात काही उरलं नव्हतं. मला ओळखून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी त्यांच्या पाठीशीच बोललो.

"अण्णा, मशीनला गोल अक्षरं येत होती. मी मुद्दाम घातली नाहीत. मला माफ करा."