साध्या गाडीने डॅन्यूबपर्यंत

आई भूगोल शिकवायची. पातूरच्या शाळेत तिने युरोपचा नकाशा फळ्यावर इतक्यांदा काढला होता, की निवृत्तीनंतरही अकोल्याच्या घरी कुणाशी बोलताना तिचं बोट आपोआप हवेत नदी काढायचं. धाकट्या भावाला म्युनिकमध्ये मुलगी झाली आणि आम्ही दोघी तिथे मदतीला गेलो. नातीचं कौतुक पोटभर झाल्यावर आई मला म्हणाली, "आता मले डॅन्यूब दाखव."

भावाने मोबाइलवर वेगवान गाडीचं तिकीट पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "आधी काढलं असतं तं स्वस्त पडलं असतं. आता लय महाग हाय. पुढच्या वर्षी पाहू."

आईचं वय मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षावर मी विसंबणार नव्हते.

मी अमरावतीला वकिली करते. बारीक अक्षरातल्या अटी वाचणं हे माझं रोजचं काम. बाळ झोपलं की मी रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये डोकं घालून बसायची. दुसऱ्या दिवशी मला एक छोटी खूण सापडली, 'फक्त प्रादेशिक गाड्या' अशी. ती लावली आणि महागड्या वेगवान गाड्या यादीतून गेल्या. उरल्या त्या आपल्या पॅसेंजरसारख्या, गावोगाव थांबणाऱ्या. त्यांच्यासाठी, म्युनिक ज्या राज्यात आहे त्या राज्यापुरतं, एक दिवसाचं तिकीट होतं. पाचजणांपर्यंत एकच तिकीट, माणूस वाढला की थोडीशीच भर, परत येणं त्यातच, शहरातली बससुद्धा त्यातच. अटी दोन: कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी चालायचं नाही आणि तिकिटावर नावं लिहायची. भाऊ कंपनीच्या पैशाने फिरणारा, त्याला हे कधी शोधावं लागलं नव्हतं. "जाता येईन तुमाले दोघींनाच?" त्याने विचारलं. "येईन," मी म्हटलं.

पासाऊ हे गाव मी निवडलं, कारण तिथे डॅन्यूबला दोन नद्या येऊन मिळतात. नऊनंतरची गाडी पकडली. समोर एक वयस्क बाई बसली होती, पायाशी तिचा तपकिरी कुत्रा. आई खिडकीबाहेरची शेतं बघून मक्याची उंची मला सांगत होती आणि त्या बाईकडे बघून मधूनमधून हसत होती.

मधल्या एका जंक्शनवर गाडी जरा जास्त थांबली. आईला बडनेरा जंक्शनवरच्या लांब थांब्याची सवय. "जराक पाय मोकये करतो," म्हणत ती उतरलीसुद्धा. मी तिला बोलवायला मागोमाग उतरले, आणि आमच्या पाठीमागे दारं मिटली. शिट्टी नाही, काही नाही. आमची कापडी पिशवी आत राहिली. तिच्यात दशम्या होत्या आणि आईने नुकताच काढून ठेवलेला लांबचं बघायचा चष्मा होता. काचेआडून त्या कुत्रेवाल्या बाईने पिशवी उचलून आम्हाला दाखवली, पुढच्या दिशेला बोट केलं आणि गाडी गेली.

आई फलाटावरच्या बाकावर बसली. "चष्मा नाई तं नदी कायची पाहतो मी," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात त्याच फलाटावर लांब नाकाची पांढरी वेगवान गाडी येऊन लागली. पाटीवर पासाऊचं नाव होतं. आई उठून थेट दाराशी गेली.

"आई, थांब. यात आपलं तिकीट चालत नाई."

"काहून? तिकडंच तं जाते हे. रूयबी तोच हाय."

"रूळ तोच, पण गाडी येगळी. चढलो तं दंड बसन."

"टीसीले सांगू ना समजावून, आमी चुकून उतरलो म्हणून."

"नियम मी वाचले आई. चाल, बस. मागून आपली गाडी हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत मुलांकडे बघायची तसं. मग म्हणाली, "बरं, तू म्हणतं तसं," आणि बाकावर येऊन बसली. पांढरी गाडी गेली. तासाभराने आमची साधी गाडी आली, रिकामीच, आणि आम्ही हव्या त्या खिडकीशी बसलो.

पासाऊला उतरलो तर ती बाई फलाटावरच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. एवढा वेळ ती आमच्यासाठी थांबली होती. आईने तिचे दोन्ही हात धरले. "बाई, लय उपकार झाले तुये," असं वऱ्हाडीत म्हणाली. ती जर्मनमध्ये बराच वेळ काहीतरी बोलली. मला दोन-चार शब्द कळले, आईला एकही नाही, तरी दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. आईने पिशवीतून दशमी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने अर्धी खाल्ली, अर्धी कुत्र्याला दिली. मग आम्हाला बसचा थांबा दाखवून ती निघून गेली.

बसने आम्ही संगमाजवळ गेलो आणि गावाच्या टोकापर्यंत चालत गेलो. आईने चष्मा लावला. एका बाजूने काळसर, बारकी नदी, मध्ये डॅन्यूब, आणि दुसऱ्या बाजूने फिक्या हिरव्या रंगाची भरपूर पाण्याची इन नदी. पाणी मिसळल्यावरही रंग बरंच अंतर वेगळे दिसत होते. आई कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं ती रडेल. पण ती पाणी मोजावं तशी बघत होती.

"इतके वर्षं मी पोराईले सांगितलं, उपनद्या लहान असतात," ती शेवटी म्हणाली. "इथं तं उपनदीच मोठी दिसून राहिली. नाव मात्र डॅन्यूबचंच पुढं जाते."

"मग शिकवायचं चुकलं काय?"

"चुकलं नाई. पाहाचं राहून गेलं होतं."

उरलेल्या दशम्या आम्ही तिथेच बसून खाल्ल्या आणि संध्याकाळच्या साध्या गाडीने, त्याच तिकिटावर, म्युनिकला परतलो. पुढच्या शनिवारी भाऊ, वहिनी आणि बाळगाडीतली भाची आमच्यासोबत निघाली. शनिवारी नऊची अट नसते, हे मीच त्याला सांगितलं.

आता अमरावतीत कुणाचे आईवडील मुलाकडे तिकडे निघाले की मला फोन येतो. मी त्यांना आधी अ‍ॅपमधली ती साध्या गाड्यांची खूण लावायला सांगते आणि पायात चांगले बूट घालायला. परवा आईचाही अकोल्याहून फोन आला. ऱ्हाईन नदी दुसऱ्या राज्यातून वाहते, तिथे हे तिकीट चालतं का, असं विचारत होती. चालत नाही. तिथलं वेगळं असतं, आणि ते मी पाहून ठेवलं आहे.