कापडाखाली बोललेलं

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझा हात आधी डोक्याकडे जातो. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, एकदा तर चोरीला गेलेली म्हैस नुसत्या हंबरण्यावरून ओळखून मालकाच्या हवाली केली. पण मला खरा घाम फुटला तो एका सलूनच्या खुर्चीपायी.

रायपूरला शंकर नगरच्या बाजूला एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि घरफोड्या सुरू झाल्या. दीड महिन्यात पाच. सगळ्या भरदुपारी, कूलरच्या आवाजात शेजारच्यांना शेजारचं ऐकू येत नाही त्या वेळी. कुलूप तोडलेलं नाही, तारेनं नीट उघडलेलं. आणि वेळ अशी अचूक की घरचे लोक भिलाईला मुंजीला गेले की हा हजर, अमरावतीला लग्नाला गेले की हा हजर. एका घरी तर आहेराची साडी मागे विसरली होती, ती तेवढी यानं नेली नाही. मी वरिष्ठांना म्हणालो, "साहेब, हा चोर नाही, घरातला जावई आहे."

वरिष्ठ हसले नाहीत. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

खबर मिळाली पंडरीच्या कापडबाजारातून. तिथं माझा एक खबरी होता, कापड कापणारा. त्याची नजर अशी की चालत्या माणसाच्या शर्टाची शिवण पाहून शिंप्याची गल्ली सांगायचा. तो म्हणाला, "साहेब, फिर्याद द्यायला आले त्या पाचही घरवाल्यांची मान मागून पाहा. एकाच कैचीचं काम आहे."

मी पाहिली. खरंच होतं. पाचही जण एकाच सलूनमध्ये जात होते. आणि माझ्या मानेवरही तीच कैची होती.

तो कारागीर माझ्याच वयाचा, बापाच्या वेळेपासून भंडाऱ्याहून इकडे आलेला. दुकान लहान, दोन खुर्च्या, समोर लांब बाक. हात लोण्यासारखा आणि तोंड रेडिओसारखं. "सुट्टीत कुठं चालले?" हा प्रश्न तो टाळूवर पाणी मारायच्या आधी विचारायचा. माझे केस महिन्यातून एकदा त्याच्याकडे काळे व्हायचे, हे शहरात त्याला, मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं. त्यासाठी मी सकाळी दुकान उघडताच जायचो, बाकावर फार तर एखादा पेपर वाचत बसलेला असायचा. ठाण्यात सगळे समजत की माझे केस मुळातच तसे. मी पण कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

आता पोलिसाच्या डोक्यात संशय शिरला की मागचं सगळं त्याच रंगात दिसायला लागतं. सुट्टीत कुठं चालले? कोण कोण चाललं? कधी येणार? अरे, हा तर केस कापता कापता पंचनामा करून राहिला! मी पाचही फिर्यादींना विचारलं. पाचही म्हणाले, हो, त्यानं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी जीप त्याच्या दारात लावली. बाक भरलेला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली. मी सगळ्यांदेखत कारागिराचा हात धरला आणि त्याला जीपमध्ये बसवलं. अर्ध्या दाढीचा तो गृहस्थ फेस पुसत चौकापर्यंत आमच्यामागे धावला, "अरे, निदान दुसरा गाल तरी!" म्हणत.

ठाण्यात त्याला समोर बसवलं. भोवती चार शिपाई, दाराशी माझा हवालदार.

"तुझ्या दुकानात कोण काय बोललं, सगळं सांग."

त्यानं मान हलवली. "खुर्चीत होते तं मले तुम्ही म्हणत होते साहेब. इथं तू झालो."

"विचारलं ते सांग."

"ते नाही सांगत मी. कापड गळ्याभोवती बांधलं का माणूस काहीबी बोलते. पोरीचं, भावाचं, ऑपरेशनचं. कापड झटकलं का मी तेबी झटकतो. झाडून केसासंगं बाहेर."

"मग सुट्टीत कुठं चालले, हे काहून विचारतो सगळ्यांना?"

"नाही विचारलं तं ते घरचं सांगाले लागतेत साहेब! एकानं मले आपल्या बायकोच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. मले काहून पाहिजे ते? उद्या त्याच बाईनं पोराले घेऊन दुकानात यावं, मी तिच्याकडे पाहावं कसं? म्हणून मीच बडबड करतो. पाऊस येईल का, गाडी किती ॲव्हरेज देते, सुट्टीत कुठं. उत्तर कोण ऐकते? मी तं पुरीचं ऐकतो आन् जगदलपूर म्हणतो."

शिपाई हसले. मी हसलो नाही. पोलिसाला जास्त चांगलं उत्तर मिळालं की तो जास्त घाबरतो. मी टेबलावर हात आपटला. तीन तास तेच प्रश्न उलटेपालटे करून विचारले. घरचे लोक परगावी आहेत ही बातमी तुझ्या दुकानातूनच निघते, मग कुठं जाते? त्याचं एकच, मी सांगितली नाही.

मग तो माझ्याकडे बघायला लागला. चेहऱ्याकडे नाही, जरा वर. केसांच्या मुळाकडे. मला वाटलं, हा मला धमकावतो आहे.

"साहेब," तो हळू म्हणाला, "बाकीच्यायले बाहेर पाठवता का? एक सांगाचं होतं."

मी मनात म्हणालो, आला लाइनवर. आता देण्याघेण्याचं बोलणार. मी मोठ्यानं म्हणालो, "जे सांगायचं ते सगळ्यांसमोर."

त्यानं चारही शिपायांकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं. "मंग राहू द्या."

संध्याकाळी पुरावा नाही म्हणून सोडावं लागलं. जाताना एवढंच म्हणाला, "तुम्ही सोडलं, पण उद्या माझ्या बाकावर कोण बसंल?"

बसलं कोणीच नाही. चार-दोन परकी माणसं सोडली तर जुनी गिऱ्हाइकं रस्त्यावरून राम राम करायची आणि पुढच्या दुकानात जायची. पण माझा संशय सुटला नव्हता. मी हवालदाराला साध्या कपड्यात त्या बाकावर बसवलं. कारागिरानं त्याला ओळखलं असणारच, पण तेही त्यानं कोणाला सांगितलं नाही. हा छत्तीसगढी माणूस, प्रामाणिक इतका की दिवसातून दोनदा दाढी करून घ्यायचा, दुकानात उगाच बसलो असं वाटू नये म्हणून. चौथ्या दिवशी त्याचे गाल सोललेल्या बीटासारखे झाले होते.

रोज संध्याकाळी तो अहवाल द्यायचा. त्या दुकानात अडीच माणसं यायची, पण त्यांच्या बोलण्यातून हवालदाराला शंकर नगरचा इतिहास-भूगोल पाठ झाला. कारण असं, की केसांना रंग लावला की फोन कानाला धरता येत नाही, कान काळा होतो. म्हणून गिऱ्हाईक फोन समोर ठेवतं, स्पीकर लावतं आणि ओरडून बोलतं. कोणाच्या घरी कधी कोण नाही, किल्ली कोणाकडे आहे, सगळं.

"आणि कारागीर काय करतो?" मी विचारलं.

"कुछ नहीं साहब. बीच-बीच में पूछता है, बारिश आएगी क्या."

"अजून काय?"

"और एक बहुत भले आदमी हैं साहब. टिफिन लेके आते हैं. आज भी अपना नंबर मुझे दे दिया, बोले आप पहले बैठो."

मी अहवालाची वही मागवली. पहिल्या दिवशी, एका सज्जनानं आपला नंबर मला दिला. दुसऱ्या दिवशी, त्याच सज्जनानं नंबर दिला. तिसऱ्या दिवशी, पुन्हा.

"अरे बाबा," मी म्हणालो, "त्या सज्जनाचे केस कापले गेले का एकदा तरी?"

हवालदारानं आपल्या सुजलेल्या गालावर हात ठेवला. "नहीं साहब."

"बाकावर जागा रिकामी, खुर्ची रिकामी, तरी हा आपला नंबर देतो?"

"हव साहब," तो छत्तीसगढीत हो म्हणाला आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागला.

आपल्याकडे बाकावर पेपर वाचत बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. नंबर देणाऱ्याला तर लोक चहा पाजतात. घाई नसलेला सभ्य माणूस, एवढीच त्याची ओळख.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं, सरकारी कामासाठी, केसांना रंग लावून घेतला. मी ठाण्यातून त्याला फोन केला. स्पीकरवर तो ओरडला, "हव भैया, पूरा परिवार कल दस बजे बिलासपुर निकल रहा है!" आणि पत्ता सांगितला तो आमच्या एका ओळखीच्या रिकाम्या घराचा. बाकावरचे सज्जन पेपरचं पान उलटत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, ते सज्जन, हातात टिफिन, त्या घराचं कुलूप तारेनं उघडून आत आले. आत सोफ्यावर आम्ही तिघं बसलो होतो. हवालदार उठून म्हणाला, "आइए, पहले आप."

टिफिनात तारा होत्या. गुढियारी मोहल्ल्यातल्या त्याच्या खोलीतून पाचपैकी चार घरांचे दागिने जप्त झाले. मी खूश. मिशीला ताव देऊन त्याचा जबाब घ्यायला बसलो. खोलीत फक्त मी आणि हवालदार.

"हर घर का ऐसे ही सुना?" मी विचारलं.

"हाँ साहब. बस चौथे घर में डर लग रहा था, उधर गश्त बहुत थी." त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं. "फिर आपने ही बताया."

"मैंने?"

"आप कुर्सी पे थे, बाल में रंग लगा था. फोन आया, आप बोले, आज दोपहर सारी गाड़ियाँ बंदोबस्त में भेज दो, शंकर नगर में एक भी मत रखो."

हवालदार पंख्याकडे पाहायला लागला. असा पाहत होता जणू पंख्यानंच चोरी केली.

तेव्हा मला कळलं, कारागिराला काय सांगायचं होतं. माझा तो फोन त्यानंही ऐकला होता. माझी चार माणसं भोवती उभी होती आणि एका वाक्यात त्याची सुटका होती.

मी दुकानात गेलो. तो एकटाच आरसा पुसत होता.

"त्या दिवशी हेच सांगायचं होतं का तुम्हाला?"

"हो."

"मग सगळ्यांसमोर काहून नाही बोलले? तिथंच सुटले असते."

"तुमचं कापडाखालचं होतं साहेब," तो म्हणाला आणि आरसा पुसत राहिला.

रविवारी सकाळी मी गणवेशात, सरकारी जीप दारात लावून, त्याच्या खुर्चीत बसलो. सोबत आठ-दहा ओळखीची माणसं चहाच्या निमित्तानं आणून बाकावर बसवली होती. "रंग लावा," मी मोठ्यानं म्हणालो. बाकावरचे सगळे माझ्या डोक्याकडे पाहायला लागले. शंकर नगरची एक मोठी श्रद्धा त्या दिवशी कोसळली. मी सगळ्यांना सांगितलं, चोर पकडला आहे, ह्यांचा काडीचा संबंध नाही, यांना नेलं ही माझी चूक.

बाकावरून एकानं विचारलं, "मग त्याला खबर कोण देत होतं साहेब?"

"गिऱ्हाइकं. फोनवर ओरडून बोलतात."

"कोण कोण?"

ब्रश थांबला. आरशात कारागीर माझ्याकडे पाहत होता. वाट पाहत होता. मी तोंड उघडलं. बाकावर दहा माणसं होती, खिशावर नावाची पट्टी होती. मी तोंड मिटलं.

"मान सरळ ठेवा साहेब," तो म्हणाला आणि ब्रश पुन्हा चालू झाला.

खटल्याच्या कागदात मी लिहिलं, "दुकानातील ग्राहकांच्या दूरध्वनी संभाषणातून आरोपीस माहिती मिळत असे." त्या ग्राहकांत एक मी होतो, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

महिन्याभरात त्याचा बाक भरला. लोकांना स्वस्त आणि हलका हात लागतो, संशय कितीसा टिकणार? मीही दर महिन्याला जातो, निवृत्त झालो तरी. आता रंग लावत नाही. एवढ्या वर्षांत चौकशा करून मी एक शिकलो होतो, की प्रश्न विचारला की माणूस उघडतो. काही माणसं दुसऱ्यानं उघडं पडू नये म्हणून प्रश्न विचारतात, हे मला त्या खुर्चीत कळलं, आणि तेही उशिरा.

शेजारच्या खुर्चीत येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतो, सुट्टीत कुठं चालले. पाऊस येईल का. मला मात्र त्या रविवारपासून त्यानं काही विचारलेलं नाही. कापड बांधतो, कान दुमडून मागे वस्तरा फिरवतो, हात तितकाच हलका. मी यंदा पुरीला चाललो आहे. सांगायचं ओठावर येतं, पण तो विचारत नाही, म्हणून मी मान सरळ ठेवून बसतो.